सॅल्व्होआधी, सॅल्व्होनंतर : रॉकेट तोफखान्यातल्या निवृत्तांच्या मंडळाची वाटचाल

भारतीय तोफखान्याचा जन्मदिवस 28 सप्टेंबर. 1827 साली या दिवशी मुंबई इलाख्याच्या फूट आर्टिलरीत गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. पुढे ती 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. आपण ‘गनर्स डे’ साजरा करतो तो तिच्या स्थापनेचा. 2027 साली या दिवसाला 200 वर्षं पूर्ण होतील. देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात नोकरी संपवून घर बांधलेले गनर बरेच आहेत, आणि नगर, सातारा, सांगलीकडून या दिवसासाठी मुद्दाम येणारेही आहेत. आपल्या मंडळाचं मूळ या भेटीगाठींत आहे. जेवण आटोपलं की फील्ड रेजिमेंटवाले एकीकडे बसायचे, मीडियमवाले दुसरीकडे, आणि रॉकेटवाले आपसूक तिसरीकडे. त्या तिसऱ्या कोंडाळ्याचं हळूहळू मंडळ झालं.

वेगळं बसण्यात कुणाला कमी लेखण्याचा भाग नव्हता. आठवणीच वेगळ्या होत्या. तोफेवरचा माणूस गोळ्यामागून गोळा टाकत असतो. एक पडतो, ओपीकडून, म्हणजे निरीक्षण चौकीकडून, दुरुस्ती येते, दुसरा जवळ पडतो, तिसरा नेमका बसतो. त्याच्या गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. रॉकेटवाल्याची गोष्ट वीस सेकंदांत संपते. पण त्या वीस सेकंदांसाठी कित्येक रात्री जागलेल्या असतात, आणि त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात धावपळीची असतात. युनिटच्या कागदांवर फायरची नोंद होते: किती रॉकेटं, कोणतं टार्गेट, किती वाजता. आधीच्या रात्री आणि नंतरची धावपळ फक्त माणसांच्या डोक्यात राहते, आणि माणसं म्हातारी होतात. आपल्या मंडळाने जपलेला इतिहास या आधीच्या आणि नंतरच्या वेळाचा आहे. स्मरणिकेतल्या या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

मंडळातल्या जुन्या पिढीची सगळी नोकरी ग्राडवर झाली. बीएम-21 ग्राड 1963 साली सोव्हिएत सैन्यात आला आणि पुढे तिथूनच आपल्याकडे आला. उरल ट्रकच्या पाठीवर 122 मिलिमीटरच्या चाळीस नळ्या, दहा-दहाच्या चार ओळींत. चाळीसही रॉकेटं वीस सेकंदांत बाहेर पडतात, यालाच सॅल्व्हो म्हणतात. सहा लाँचरची बॅटरी एकदम सुटली, तर तेवढ्याच वेळात 240 रॉकेटं वीस किलोमीटरपर्यंत जातात. तोफांची बॅटरी कितीही तालमीची असली तरी एवढा मारा इतक्या थोड्या वेळात तिला जमत नाही. समोरच्याला खंदकात उडी मारायलाही सवड मिळू नये, हाच रॉकेटचा हेतू.

आता लोडिंगविषयी. आपल्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर होतं, आणि ते योग्यच आहे. ग्राडचं एक रॉकेट पावणेतीन मीटरहून लांब आणि सुमारे 66 किलो वजनाचं. लाँचरवर क्रेन नाही. पेटीतून काढायचं, माणसांनी हातांवर घ्यायचं, लाँचरच्या मागे यायचं आणि नळीच्या रेषेत धरून आत सरकवायचं. रॉकेटवर एक खुंट असतो आणि नळीच्या आत वळत गेलेली खाच असते. खुंट त्या खाचेत बसला पाहिजे, कारण त्या वळणामुळेच रॉकेट बाहेर पडताना स्वतःभोवती फिरू लागतं. नळीतून सुटल्यावर शेपटीचे मुडपलेले पंख उघडतात आणि उड्डाणभर ते फिरणं चालू ठेवतात. खुंट चुकला तर रॉकेट अडतं, आणि अडलेलं रॉकेट मागे ओढताना मागे रांगेत उभे असलेले सगळे थांबतात. खालच्या ओळी भरताना कंबर वाकते, वरच्या ओळी भरताना हात डोक्याच्या वर जातात. चाळीस रॉकेटं म्हणजे अडीच टनांहून जास्त वजन, सगळं दंडांवरून गेलेलं, आणि ते दहा मिनिटांच्या आसपास व्हावं ही अपेक्षा. राजस्थानच्या उन्हाळ्यात रॉकेटचं कवच इतकं तापतं की हात ठेवता येत नाही. हिवाळ्यात पहाटे तेच कवच बोटं बधिर करतं.

आपल्यातले एक निवृत्त हवालदार, जे लाँचरवर नंबर वन, म्हणजे डिटॅचमेंटचे (लाँचरवरच्या तुकडीचे) प्रमुख होते, नेहमी एक गोष्ट सांगतात आणि आम्ही ती दर वेळी तेवढ्याच लक्षाने ऐकतो. नवीन पोरगा डिटॅचमेंटमध्ये आला की ते त्याला पहिले काही दिवस नळीजवळ उभंच करत नसत, पेटीकडे ठेवत. पेटी कशी उघडायची, कोणत्या बाजूने धरायचं, जोडीदाराच्या श्वासाबरोबर कसं उचलायचं, एवढंच शिकवत. “उस्ताद, फायर कधी दाखवणार?” असं त्या पोराने विचारलं की ते म्हणत, “आधी उचलायला शीक. फायर तुला न बोलावता दिसेल.” त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे-चौघे आज मंडळात आहेत. ते आजही त्यांना उस्तादच म्हणतात आणि ते आल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

ड्रायव्हरांच्या आठवणी निराळ्या. उरल-375 पेट्रोलवर चालायचा, व्ही-आठ इंजिनाचा, आणि पेट्रोल भरपूर खायचा. एवढा जड ट्रक रात्री हेडलाइट न लावता वाळूत चालवायचा. पुढच्या गाडीच्या डिफरन्शियलवर रंगवलेला पांढरा गोल आणि त्यावर पडलेला बारीकसा उजेड, एवढीच दिशा. लाँचर दिवसभर हाईडमध्ये जाळीखाली दडलेला असतो. हुकूम आला की फायरिंग पोझिशनवर जायचं, आखलेल्या जागी गाडी नेमकी उभी करायची, फायर झाला की निघायचं आणि रिलोडिंगच्या जागी पोहोचायचं. यात ड्रायव्हरला फार कमी वेळ मिळतो. याचं कारण असं की ग्राडचा सॅल्व्हो लपवता येत नाही. रॉकेटच्या मागच्या आगीने जमिनीवरची धूळ वर उठते, धुराच्या रेषा आकाशात राहतात आणि रात्री सगळं क्षितिज उजळतं. शत्रूचा निरीक्षक ते पाहतो आणि त्याच्या तोफा वळायला लागतात. म्हणून शेवटचं रॉकेट सुटल्यावर दोनेक मिनिटांत जागा सोडायची. गाडी वाळूत रुतली, गिअर अडला, तर चाळीस नळ्यांचा लाँचर आणि त्यावरची माणसं उघड्यावर सापडली. फायरची वाहवा ओपीच्या आणि लाँचरच्या वाट्याला जाते. गाडी परत आणणाऱ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही. मंडळाने ही रीत बदलायचं ठरवलं. त्याविषयी पुढे लिहितोच.

लाँचर केबिनमध्ये बसूनही उडवता येतो आणि साठेक मीटर लांबीच्या केबलवरून बाहेरूनही. केबिनमध्ये बसलेल्यांनी सांगितलेलं एक निरीक्षण मंडळाच्या सदस्यांच्या वहीत नोंदलेलं आहे: रॉकेटं एकामागून एक सुटताना गाडी हलत राहते, आणि शेवटचं सुटल्यावर ती थांबते ते आधी शरीराला कळतं, मग कानाला. कान त्या क्षणी काहीच ऐकत नसतात. आपल्यातल्या कित्येकांना आज उंच आवाजात बोलावं लागतं ते याच नोकरीमुळे.

कमांड पोस्टवरच्या टेक्निकल असिस्टंट मंडळींनी, आपण ज्यांना टीए म्हणतो, त्यांनी गणिताचं ओझं वाहिलं. रशियन साइटवर वर्तुळाचे 6000 भाग असतात, पश्चिमी पद्धतीच्या साइटवर 6400. ज्याने आधी दुसऱ्या तोफेवर काम केलं होतं त्याच्या डोक्यात दोन्ही मापं एकत्र असायची, आणि कोणतं कुठे वापरायचं हे झोपेतही चुकून चालत नव्हतं. पण रॉकेटच्या टीएचा खरा शत्रू वारा. तोफेचा गोळा वारा ढकलेल तिकडे सरकतो. पंखांचं रॉकेट मात्र मोटर जळत असताना वाऱ्याकडे तोंड फिरवतं. वारा डावीकडून आला तर शेपूट उजवीकडे लोटली जाते, नाक डावीकडे वळतं, आणि मोटरचा जोर त्याला डावीकडेच नेतो. म्हणजे तोफेवर जी दुरुस्ती एका बाजूला द्यायची, ती इथे उलट बाजूला. हे सगळं सुरुवातीच्या थोड्या सेकंदांत घडतं आणि वीस किलोमीटरवर त्याचा फरक शेकडो मीटरचा होतो. म्हणून जमिनीलगतचा वारा मोजण्याचं महत्त्व रॉकेट युनिटमध्ये फार. शिवाय दारूचं तापमान. मोटरमधली दारू थंड असली तर ती हळू जळते, तापलेली असली तर जोरात, आणि टप्पा त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. रेंज टेबलमध्ये त्याची दुरुस्ती असते, पण आधी तापमान इमानदारीने घ्यावं लागतं. एक निवृत्त टीए म्हणतात की त्यांच्या नोकरीत त्यांनी सॅल्व्हो फारच थोडे पाहिले, कारण त्या वेळी ते मान खाली घालून पुढच्या टार्गेटचा हिशोब करत असत.

लाँचरवरच्या माणसाने टार्गेट पाहिलेलं नसतं, ही रॉकेट तोफखान्यातली नेहमीची स्थिती. पाहतो तो ओपीवरचा अधिकारी, आणि त्याच्या बाजूला रेडिओ सेट घेऊन बसलेला ओपीआर, म्हणजे ऑपरेटर. बाकीच्यांना निकाल रेडिओवरून कळतो, तोही एका वाक्यात. युनिटमधल्या शेकडो माणसांचं काम त्या एका वाक्यासाठी असतं. आपल्यातल्या एका ओपीआरने ते वाक्य इतक्या वेळा पुढे पाठवलं आहे की आजही कुणी आनंदाची बातमी सांगितली की तो ती दोनदा म्हणून दाखवतो, संदेश वाचून पक्का करावा तशी.

1999 च्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये ही स्थिती काही काळ बदलली, आणि म्हणून ज्यांनी कारगिल केलं त्यांच्या आठवणींना मंडळात वेगळं स्थान आहे. त्या लढाईत भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. सुमारे 300 तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचरांतून रोज साधारण 5000 गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं जात होती. टायगर हिल परत घेतली त्या दिवशी तर 9000 गोळे गेले. हे आकडे तोफखान्याच्या इतिहासात पक्के नोंदलेले आहेत. त्यामागचा सगळ्यात मोठा वाटा बोफोर्स तोफांचा होता हे आपण मोकळ्या मनाने सांगतो. पण ग्राडही तिथे होता, आणि काही वेळा तो थेट नजरेच्या माऱ्यासाठी वापरला गेला, म्हणजे समोरचा डोंगर लाँचरवरूनच दिसत असताना.

ज्याने रॉकेट तोफखान्यात नोकरी केली नाही त्याला यातलं नवल लगेच समजणार नाही. ग्राड हे विस्तीर्ण जागेवर मारा करायचं हत्यार आहे, एका बिंदूवर नेमकं बसवायचं नव्हे. सगळ्या तालमी दूरच्या, न दिसणाऱ्या टार्गेटसाठी झालेल्या असतात. इथे द्रासच्या बाजूला तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर, समोरच्या कड्यावर शत्रू बसलेला, आणि त्याचाही निरीक्षक खालचा रस्ता पाहतोय. विरळ हवेत रॉकेटही गोळ्यासारखंच नेहमीपेक्षा लांब जातं, त्यामुळे मैदानातला हिशोब तिथे तसाच चालत नाही. आणि लोडिंग? तेच 66 किलो, पण दोन रॉकेटं उचलली की छाती भरून यायची. मंडळातले जे तिथे होते ते सांगतात की दम लागला म्हणून थांबायची मुभा नव्हती, म्हणून जोड्या बदलत राहिल्या. ड्रायव्हर आणि स्टोअरचे लोकही लोडिंगला आले, लंगरवालेही आले. कुणाचा ट्रेड काय, हा प्रश्नच त्या दिवसांत उरला नव्हता.

आणि मग सॅल्व्हो सुटला तेव्हा लाँचरवरच्यांनी आपली रॉकेटं डोंगरावर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कित्येकांनी नोकरीत पहिल्यांदा. त्या वेळी पायदळाचे जवान पायथ्याशी वर चढायला तयार उभे होते हे त्यांना माहीत होतं. आपल्या रॉकेटमुळे त्यांच्यातला एक जरी वाचला तरी सगळ्या पेट्या उचलल्याचं सार्थक, ही भावना त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आहे आणि आमच्या वहीत ती तशीच लिहिली आहे. द्रासजवळचा पॉईंट 5140 जुलै 2022 पासून ‘गन हिल’ या नावाने ओळखला जातो. तोफखान्याच्या कामगिरीची ती दखल आहे. मंडळातल्या कारगिल केलेल्या सदस्यांना ती बातमी कळली, त्या दिवशी एकमेकांना फोन करून अनेकांनी फक्त नाव उच्चारलं आणि फोन ठेवला.

डिसेंबर 2001 पासून ऑक्टोबर 2002 पर्यंत ऑपरेशन पराक्रम चाललं. फौजा सीमेवर होत्या, युद्ध झालं नाही. रॉकेटवाल्यांसाठी ते महिने थांबण्याचे होते: हाईड बदलणं, गाड्या रोज चालू करून बघणं, पेट्यांवरची वाळू झटकणं. त्या काळाविषयी आमच्याकडे फार लिहिलेलं नाही, पण घरून आलेल्या पत्रांचा विषय निघाला की तो काळ हमखास वर येतो.

रॉकेट या मातीला नवं नव्हतं हेही नोंदवायला हवं. मराठ्यांच्या फौजांत बाणदार असत, आणि ज्याला तेव्हा बाण म्हणत ते रॉकेटच होतं. हैदर अली आणि टिपू सुलतानाच्या सैन्याने लोखंडी नळ्यांची रॉकेटं वापरली आणि 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला त्याचा फटका बसला. ती रॉकेटं इंग्लंडमध्ये नेली गेली आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपली रॉकेटं घडवली. 2018 साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात एका जुन्या विहिरीत त्या काळातली हजारभर रॉकेटं सापडली. एकोणिसाव्या शतकात आटे पाडलेल्या नळ्यांच्या तोफा आल्या आणि रॉकेट मागे पडलं. ते पुन्हा पुढे आलं दुसऱ्या महायुद्धात, सोव्हिएत ‘कात्यूशा’मुळे. जुलै 1941 मध्ये ओर्शा इथे ती पहिल्यांदा वापरली गेली. ग्राड तिच्याच घराण्यातला.

आणि पिनाक महाराष्ट्राच्या घराण्यातलं. या एका गोष्टीचा मंडळाला मनापासून अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण नाही. लांब पल्ल्याच्या स्वदेशी रॉकेटसाठी 1981 साली संरक्षण खात्याने दोन प्राथमिक प्रकल्प मंजूर केले. 1983 मध्ये सैन्याने आपल्या गरजा लिखित स्वरूपात मांडल्या, आणि डिसेंबर 1986 मध्ये पिनाकच्या विकासाला मंजुरी मिळाली. काम पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेकडे आलं, रॉकेटच्या दारूचं काम तिथल्याच शेजारच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेकडे. ठरवलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला. पण 1999 मध्ये त्याचे नमुने कारगिलला नेले गेले आणि तिथे त्यांनी काम केलं. फेब्रुवारी 2000 मध्ये पहिली पिनाक रेजिमेंट उभी राहिली.

214 मिलिमीटरच्या बारा नळ्या, सहा-सहाच्या दोन पॉडमध्ये. बारा रॉकेटं 44 सेकंदांत, साधारण 38 किलोमीटरपर्यंत. टाट्रा गाडीवर लाँचर, आणि त्याच्यासोबत रिप्लेनिशमेंटची वेगळी गाडी, तिच्यावर क्रेन. पिनाकचं एक रॉकेट 276 किलो, म्हणजे ते हाताने उचलण्याचा प्रश्नच नाही. ग्राडवर आयुष्य घालवलेले आपले काही सदस्य निवृत्तीआधी थोडा काळ पिनाकवर गेले. पॉड क्रेनने उचलून जागेवर बसताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे हात आपसूक पुढे गेले, असं त्यांच्यातल्या एकाने सांगितलं. त्या दिवशी रात्री त्याने घरी फोन करून बायकोला सांगितलं की आता पाठ दुखायचं कमी होईल. हे वाचून नवीन पिढीला वाटेल की ही साधी सोय आहे. ज्यांच्या पाठीवर चाळीस नळ्या गेल्या त्यांना विचारा.

पिनाकच्या दारूगोळ्याचं काम अजूनही आपल्याच राज्यात होतं. नागपूरचा अंबाझरी कारखाना आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा चांदा कारखाना यांत रॉकेटच्या निर्मितीचा मोठा भाग झाला. आता नागपूरचीच एक खासगी कंपनीही त्यात उतरली आहे. ऑगस्ट 2020 मध्ये सहा नव्या रेजिमेंटसाठी 114 लाँचर आणि 45 कमांड पोस्टचे करार झाले. लाँचर लार्सन अँड टुब्रो आणि टाटा यांच्याकडे, गाड्या बीईएमएलकडे. फेब्रुवारी 2025 मध्ये पिनाकच्या रॉकेटांसाठी 10,147 कोटी रुपयांचे करार झाले, आणि त्यातल्या दोन्ही पुरवठादार कंपन्या महाराष्ट्रातल्या. लाँचरवरचा जवान कधी सातारचा, कधी पंजाबचा किंवा तमिळनाडूचा असतो, पण त्याच्या हाताखालचं रॉकेट पुणे-नागपूर-चंद्रपूरच्या कामगारांच्या हातून आलेलं असतं. दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार आणि लाँचरवरचा गनर एकमेकांना ओळखत नाहीत, तरी एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. म्हणून मंडळाच्या गनर्स डेला कारखान्यांतल्या निवृत्त कामगारांनाही बोलावलं जावं, अशी सूचना एका सदस्याने मांडली होती आणि ती एकमताने मान्य झाली.

स्मर्च हे रशियन रॉकेट 2005 सालच्या कराराने आलं. 300 मिलिमीटरच्या बारा नळ्या, एक रॉकेट 800 किलोचं, मारा 90 किलोमीटरपर्यंत, सगळी बारा 38 सेकंदांत. मंडळात स्मर्चवाले अजून थोडे आहेत, कारण त्यांच्यातले बरेच नोकरीतच आहेत.

देवळालीचं आपल्याशी नातं केवळ राहण्याचं नाही. तोफखान्याची शाळा 1923 साली काकूल इथे सुरू झाली, आज ते पाकिस्तानात आहे. 1941 मध्ये ती देवळालीला आली. ग्राड असो, पिनाक असो की स्मर्च, त्यावरचा प्रत्येक अधिकारी आणि कित्येक जवान इथे शिकून गेले. बहुला किल्ल्याच्या आसपासच्या रेंजवर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या दुरुस्तीने गोळा पडताना पाहिला. पूर्ण टप्प्यावर रॉकेट उडवायला इतकी मोकळी जागा इथे नाही, त्यासाठी पोखरणला जावं लागतं. पण जानेवारीत होणाऱ्या तोपची सरावात रॉकेट लाँचरही इथे आपला मारा दाखवतात. त्या दिवशी आपल्यातले जे चालू शकतात ते जातात. रेंजच्या भोवतालच्या गावांतल्या लोकांना तोफांचा आवाज रोजचा आहे, तरी रॉकेटचा सॅल्व्हो झाला की म्हातारी माणसंही अंगणात येतात. गुरं चारायला निघालेल्या पोरांना लाल झेंडा दिसला की कुठे वळायचं हे इथे घराघरांत शिकवलेलं असतं.

मंडळाचं रोजचं काम साधं आहे आणि ते थोडक्यात सांगतो. पेन्शन आता ‘स्पर्श’ प्रणालीतून येते. दरवर्षी हयातीची ओळख द्यावी लागते. ज्यांना मोबाईलवर ते जमत नाही त्यांच्या घरी आपली माणसं जातात. ऐकू न येणाऱ्यांना ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात कानाची मशीन मिळण्यासाठी सोबत करतात. दिवंगत सदस्यांच्या पत्नींची फॅमिली पेन्शनची कागदपत्रं पुरी करायला बसतात. भरतीला जाणाऱ्या मुलांना पहाटे पळायला घेऊन जाणारे दोघे सदस्य पंचाहत्तरीच्या जवळ आहेत आणि मुलांच्या पुढे धावतात. या कामांत कुणी पद मागितलं नाही, म्हणून मंडळात पदं फारशी नाहीत.

एका निर्णयावर मात्र खूप चर्चा झाली आणि तो मंडळाच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. सदस्यांची वही कशी ठेवायची? सैन्याची सवय हुद्द्याने लिहायची: आधी सुभेदार मेजर साहेब, मग सुभेदार, नायब सुभेदार, हवालदार, शेवटी गनर. काही ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह तोच होता आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, कारण हुद्दा कमावलेला असतो. पण शेवटी ठरलं की वही ट्रेडने ठेवायची. ड्रायव्हर, गनर, टीए, ओपीआर, स्टोअरकीपर, कुक, आणि प्रत्येक पानावर त्या माणसाने कोणत्या लाँचरवर, कोणत्या वर्षी, कुठे काम केलं. पहिलं पान ड्रायव्हरांचं. हा ठराव सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठांनी स्वतः मांडला. त्यामुळे बाकीच्यांचा विरोध मावळला, आणि त्यांच्या मोठेपणाविषयी इथे लिहिणं मला आवश्यक वाटतं.

एप्रिल 2023 मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून पाच महिला अधिकारी पहिल्यांदा तोफखान्यात दाखल झाल्या. त्यांच्यापैकी एकीची नेमणूक रॉकेट रेजिमेंटमध्ये झाली. ती बातमी मंडळात वाचून दाखवली गेली तेव्हा आधी शांतता होती, मग एक निवृत्त नंबर वन म्हणाले, “वारा बघायला शिकवा म्हणावं पहिल्यांदा.” त्यांना नव्या अधिकाऱ्याला तेच शिकवावंसं वाटलं जे त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. टाळ्या वाजल्या.

सध्याचं चालू काम वहीतल्या आठवणी आवाजात नोंदवण्याचं आहे. ग्राडच्या पहिल्या फळीतले ड्रायव्हर आता सगळ्यात वयस्कर आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली आहे. ज्यांनी अजून नोंद दिलेली नाही त्यांनी गनर्स डेच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी देवळाली कॅम्पला यावं, किंवा निरोप द्यावा म्हणजे आपली माणसं घरी येतील. सोबत सर्व्हिस बुक असलं तर चांगलं, नसलं तरी चालेल. गाडीचा नंबर आठवत असेल तर तोही सांगा.